मागेल त्याला काम : रूझवेल्टची अमेरिका आणि आपला बालाघाट



१२ मार्च १९३३, रविवारची रात्र. अमेरिकेचे नवे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट रेडिओवर बोलायला बसले. शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. देशभरातल्या बँका त्यांनी बंद ठेवायला लावल्या होत्या. त्या का बंद केल्या, कधी उघडणार, हे त्यांनी शेतकऱ्याला आणि गिरणी कामगाराला उमजेल अशा साध्या बोलीत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, तेव्हा लोकांनी घरात दडवलेला पैसा परत आणून भरला. सरकार लोकांशी सरळ बोललं की लोक विश्वास टाकतात, हे त्या आठवड्यात दिसलं.

बँकांवर ही वेळ आणणारी मंदी १९२९ साली सुरू झाली होती. १९३३ पर्यंत तिकडे दर चार कामकऱ्यांतला एक बेकार होता. कापसाचा भाव जगभर कोसळला, तो मराठवाड्यातही कोसळला. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं आपलं धारूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

रूझवेल्टच्या सरकारनं बेकारांच्या हाताला काम द्यायचं ठरवलं. तरुणांची पथकं डोंगरात पाठवली. झाडं लावा, बांध घाला, वाटा करा. महिना तीस डॉलर मजुरी, त्यातले सहसा पंचवीस डॉलर परस्पर घरी जायचे. १९४२ पर्यंत जवळपास तीस लाख पोरं या कामावर राबली. १९३५ पासून मोठी सार्वजनिक कामं निघाली. रस्ते, पूल, शाळा बांधल्या गेल्या. आठ वर्षांत सुमारे ८५ लाख माणसांना त्यावर रोजगार मिळाला.

आता बालाघाटाकडे या. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं धारूर तालुक्यात आजही आहेत. विहिरी आटल्या, पेवं रिकामी झाली, आणि अख्खी घरं दुष्काळी कामावर गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. नवऱ्यानं घणानं दगड फोडायचा, बायकोनं हातोडीनं त्याची खडी करायची, लेकरू बाभळीला बांधलेल्या झोळीत. आठवड्याच्या मापावर मजुरी, मस्टरवर अंगठा. लेकरांना आणि मजुरांना सुकडी मिळायची. रेशनवर यायची ती मिलो, अमेरिकेची लालसर ज्वारी. मालदांडीच्या भाकरीवर वाढलेल्या जिभेला ती रुचेना, पण तिनं जीव तगवले. पडत्या भावात शेतकऱ्याचं जास्तीचं धान्य सरकारनं उचलायचं, ही रीत अमेरिकेत १९३३ च्या मंदीतच बसली, आणि त्या धान्याची निर्यात पुढं कितीतरी देशांकडे सुरू झाली.

त्या दुष्काळात राज्यभर ऐन उन्हाळ्यात जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. दुष्काळ असो नसो, मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे, हा आग्रह पाग्यांनी धरला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. इथं महाराष्ट्र अमेरिकेच्या एक पाऊल पुढं गेला, असं मी ठामपणे म्हणतो. तिकडे कामं सरकारच्या मर्जीनं निघाली आणि दुसऱ्या महायुद्धामुळं कारखाने धडधडू लागताच १९४३ साली बंद झाली. आपल्याकडे काम हा कायद्यानं हक्क झाला.

पण तिकडची एक उणीव आपल्याकडेही जशीच्या तशी राहिली, आणि आज मला बोलायचं आहे ते तिच्याविषयी.

रूझवेल्टच्याच काळात अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली. ओक्लाहोमासारख्या राज्यांतली हजारो कुटुंबं जुन्या मोटारीत बिऱ्हाड कोंबून कॅलिफोर्नियाला निघाली, कापूस वेचायला, फळं तोडायला. कालव्याच्या कडेला पालं ठोकून राहिली. सरकारनं त्यांच्यासाठी काही छावण्या उभारल्या, हे खरं. परंतु १९३५ चा म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा, त्याच वर्षीचा संघटनेच्या हक्काचा कायदा, १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, या तिन्हींतून शेतमजूर वगळला गेला. त्यांत दक्षिणेतले काळे मजूर फार मोठ्या संख्येनं होते. युद्धात मजुरांची चणचण भासली, तर मेक्सिकोतून माणसं आणली गेली. किमान वेतन काही शेतमजुरांना मिळू लागलं ते १९६६ च्या दुरुस्तीनंतर. गाव सोडून हंगामाला जाणारा माणूस कायद्याच्या नजरेतून निसटला तो असा.

आपल्याकडे दसरा झाला की धारूर, वडवणी, केजच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात पाच-सहा महिने काढायचे. मध्यरात्री गाडी भरायला उठायचं, उसाच्या फडात लेकरं निजवायची. एक दिवस आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढं आलं की बीड जिल्ह्यातल्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. काम बुडू नये म्हणून बाईनं अवयव गमवावा, याहून मोठी शरमेची गोष्ट या सुपीक राज्यात दुसरी नाही.

आज गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. आहे ते नाकारायचं नाही. मात्र उचलीचा करार कुठं नोंदवला जातो? हिशेबाचा कागद मजुराच्या हाती किती वेळा पडतो? साखर कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा. कोयत्याचा धनी कोण, हे कायद्यात एकदा स्पष्ट लिहिलं गेलंच पाहिजे.

तोवर माझी विनंती तालुक्यातल्या प्रत्येक ऊसतोड कुटुंबाला आहे. निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र करून घ्या, नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं. लेकराचं नाव हंगामी वसतिगृहात घाला. उचल घेताना रक्कम कागदावर घ्या. आणि गावात थांबायचं असेल तर रोजगार हमीच्या कामाची मागणी तोंडी करू नका, ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. ती पोच हीच तुमच्या हक्काची पहिली साक्ष आहे.