घट बसण्याआधी सतरंजी-घोंगडी

घटस्थापना जवळ आली की पाथर्डी तालुक्यात घरोघरी अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. मोहटादेवीचा डोंगर जवळ, त्यामुळे नवरात्रात पाहुण्यांचा राबता असतोच. पण तालुका दुष्काळी, पाणी जपून वापरायचं. म्हणून आधी कोरडं काम नीट करा.

सतरंजी दोरीवर उलटी टाका आणि मागच्या बाजूने काठीने झोडपा. धूळ विणीच्या तळाशी बसलेली असते, ती वरून झाडून निघत नाही. धूळ तशीच ठेवून पाणी ओतलं की चिखल होतो आणि पाणीही जास्त लागतं.

मग एक कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. रंग लागला तर ती सतरंजी भिजत घालू नका, नुसती पुसून घ्या. रंग पक्का असेल तर साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धागा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने घासा. साबण पूर्ण निघाला पाहिजे. राहिला तर त्यावर पुन्हा धूळ चिकटते.

घोंगडीचं मात्र वेगळं. लोकरीला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा वर्ज्य. सोड्याने लोकर खराब होते, गरम पाण्यात रगडली तर आटते. गार पाणी, रिठ्याचा फेस, हलक्या हाताने दाबणं, एवढंच. पिळू नका, बाजेवर पसरून निथळू द्या आणि सावलीत वाळवा. आतून ओलसर असताना घडी घातली तर कुबट वास येतो, म्हणून हे काम घटाच्या आदल्या दिवसावर ढकलू नका.