प्रतिध्वनीचे मोल



संत जनाबाईंच्या गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत, आपल्या परभणी जिल्ह्यात सप्ताहाच्या मंडपात बसलेल्या प्रत्येकाने ‘एको’ ऐकलेला असतो. अभंग रंगात आला, की मिक्सरवरचा मुलगा एक बटण फिरवतो आणि महाराजांचा सूर तीन-चार वेळा घुमतो. गोड वाटते. पण निरूपण सुरू झाल्यावरही बटण तसेच राहिले, तर मागच्या रांगेतल्या आजीबाईंना एक शब्द धड कळत नाही. एकच यंत्र एकदा रंग भरते आणि एकदा बेरंग करते, ते का?

या यंत्राचे काम एवढेच: आवाज घ्यायचा, थोडा वेळ अडवायचा आणि सोडायचा. डोंगरही हेच करतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरवर असेल, तर परतायला एकदशांश सेकंद लागतो. याहून बराच लवकर परतलेला आवाज वेगळा कळत नाही. मूळ आवाजात मिसळून त्याला भरीवपणा देतो. जुन्या यंत्रांत हे काम टेप करीत असे. ध्वनिमुद्रण करणारे आणि वाजवणारे हेड यांत ५ सेंटिमीटर अंतर, टेपचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर, की झाला पाव सेकंदाचा विलंब.

सिंथेसायझरवर नवे आवाज घडवणाऱ्यांना हा विलंब फार मोलाचा. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे डबे आणि ते जोडणाऱ्या वायरी. एक डबा स्वर काढतो, दुसरा त्याची धार कमी-जास्त करतो, तिसरा तो किती टिकेल ते ठरवतो. असा एक मूग सिंथेसायझर १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तिथे टेपवर केलेले काम २०२३ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने लोकांपुढे आले.

विजेच्या स्वराला घर नसते. तंबोऱ्याला भोपळा असतो, पखवाजाला लाकडी खोड असते. विजेचा स्वर मात्र तारेतून थेट स्पीकरमध्ये येतो. त्याला भोवतालची जागा मिळवून देतो तो विलंब.

त्याची बटणे तीन: किती वेळाने, किती वेळा आणि किती मोठ्याने. ‘किती वेळा’ म्हणजे परतलेला आवाज पुन्हा यंत्रात घालणे. वाटेत धार कमी करणारा डबा जोडला, तर प्रत्येक फेरीत आवाज मऊ होत दूर गेल्यासारखा वाटतो. बटण फार पुढे नेले, तर तो विरण्याऐवजी वाढत जातो. ‘किती वेळाने’चा हिशेब सोपा आहे. ६० हजारांना मिनिटातल्या मात्रांनी भागा. मिनिटाला १०० मात्रा असतील, तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या ६०० हजारांशांची. प्रतिध्वनी ६०० किंवा ३०० वर ठेवला, की तालात पडतो.

आपल्या टाळकऱ्यांना हे हिशेबावाचून येते. महाराज चरण सोडतात, मगच टाळकरी तो उचलतात. यंत्राला एवढी समज नाही, म्हणून वाजवणाऱ्याने जागा सोडायची. चार स्वरांऐवजी एकच वाजवावा आणि थांबावे. उरलेले तीन यंत्र म्हणते. बोलण्यात अशी जागा नसते. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. पाव सेकंद मागून आलेले अक्षर नेमके पुढच्यावर बसते.

मोठ्या मंडपात हाच विलंब शब्द स्पष्टही करतो. मंचापासून ७० मीटरवरच्या भोंग्यात आवाज तारेतून तत्काळ पोचतो. मंचाजवळच्या भोंग्याचा आवाज हवेतून तिथे सुमारे एकपंचमांश सेकंद उशिरा येतो. मागच्यांना सारे दुहेरी ऐकू येते. मागचा भोंगा तेवढाच उशिरा वाजवला, की शब्द जुळतात.

तेव्हा साउंडवाल्यांना विनंती, अभंगाला एको जरूर द्या, निरूपणाला बंद करा, आणि एकदा शेवटच्या रांगेत बसून ऐका.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)