थांब्यावरचे पाच दिवस



'थांबा' हा शब्द आपल्याला एस.टी.ने शिकवला. कंडक्टर ओरडतो, 'गाडी दहा मिनिटं थांबेल, चहापाणी करून घ्या.' आपण उतरतो, चहा घेतो, पाय मोकळे करतो आणि गाडी आपल्याला सोडून जाणार नाही या भरवशावर परत येऊन बसतो. विमानाच्या लांबच्या प्रवासातही थांबा असतो. पण तिथे पहिली गाडी आपल्याला उतरवून निघून जाते आणि दुसरी येईपर्यंत थांबायचं असतं ते आपल्याला.

मुंबईहून अमेरिकेला जाणारी पुष्कळ मंडळी वाटेत फ्रँकफर्ट, लंडन, दुबई, दोहा नाहीतर इस्तंबूलला विमान बदलतात. हा मुक्काम तिकिटावर 'पाच तास चाळीस मिनिटे' असा एका ओळीत लिहिलेला असतो. तेवढा वेळ आपण ज्या भागात बसतो त्याला 'ट्रान्झिट' म्हणतात. हा मोठा चमत्कारिक प्रदेश आहे. फ्रँकफर्टला उतरलात तर पायाखालची जमीन जर्मनीची असते, पण पासपोर्टची तपासणी झालेली नसल्यामुळे तुम्ही जर्मनीत आलेले नसता. अमेरिका सुटलेली असते, भारत लागलेला नसतो. विमान वेळेवर असलं की हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ते सुटलंच नाही तर काय होतं, हे मी एप्रिल २०१०मध्ये पाहिलं.

मुलीकडे बॉस्टनला तीन महिने राहून मी एकटी परत येत होते. १६ एप्रिलच्या सकाळी आमचं विमान फ्रँकफर्टला उतरलं आणि त्यानंतर थोड्याच वेळात विमानतळ बंद झाला. कारण होतं आइसलंडमधला एक ज्वालामुखी. १४ एप्रिलला तो बर्फाच्या थराखालून उसळला होता. त्याचं नाव 'एयाफ्यात्लायोकुत्ल'. आमच्यातल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'आयाबाया' करून टाकलं. मग रोज सकाळी एकमेकांना विचारायचं, 'काय, आयाबाया शांत झाल्या का?'

राखेने विमानं कशाला अडवायची, असं कुणालाही वाटेल. पण तप्त लाव्हा आणि वितळलेलं बर्फ एकत्र आलं की निघणारी राख काचेच्या चुऱ्यासारखी बारीक असते. जेट इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या भागांवर जाऊन चिकटते. जून १९८२मध्ये लंडनहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे निघालेलं एक जम्बो जेट जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ती पुन्हा सुरू केली आणि विमान जाकार्ताला सुखरूप उतरवलं. तेव्हापासून राख दिसली की त्या वाटेने जायचं नाही, हा दंडक होता. २०१०च्या त्या आठवड्यात युरोपात सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली आणि कोटीभर माणसं जिथल्या तिथे अडकली.

आमच्या दालनात पहिल्याच संध्याकाळी दोन गट पडले. ज्यांचे पासपोर्ट किंवा व्हिसा चालणारे होते, ते दाराबाहेर पडले आणि हॉटेलात गेले. माझ्याजवळ अमेरिकेचा व्हिसा होता, पण युरोपचा शेंगेन व्हिसा नव्हता. भारत, बांगलादेश, नायजेरिया, फिलिपिन्स अशा देशांचे आम्ही शेकडो लोक आतच राहिलो. आम्हाला घडीच्या खाटा आणि ब्लँकेटं मिळाली. एकाच विमानातून, शेजारच्या आसनांवर बसून आलेल्या माणसांची रात्र पासपोर्टाच्या रंगावरून वेगळी झाली. त्यात कुणी कुणावर चिडण्यासारखं नव्हतं, नियमच तसा होता. पण काचेतून बाहेरचा रस्ता, झाडं, सायकलवरून जाणारी मुलं दिसत आणि तिथवर जाता येत नसे, हे मनाला लागायचं.

राहायचंच आहे म्हटल्यावर संसार मांडला गेला. दिवे रात्रभर चालू, त्यामुळे डोळ्यांवर ओढणी बांधून झोपायचं. बेसिनवर अंग पुसायचं आणि धुतलेले कपडे खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायचे. पाण्याची बाटली अडीच युरोला, म्हणजे तेव्हाचे दीडशे रुपये. सँडविच मिळत, पण आत काय आहे ते विचारल्याशिवाय आमच्या गुजराती बहिणी हात लावत नसत. मग त्यांच्या थेपल्यांचा आणि माझ्या चिवड्याचा डबा सगळ्यांत फिरला. पुण्याच्या एका विद्यार्थ्याकडे लॅपटॉप होता. त्याने प्रत्येकाकडून पत्ता घेऊन घरी एकेका ओळीची ई-मेल पाठवली, 'सुखरूप आहे, फ्रँकफर्टला आहे.'

विमान कंपनीच्या खिडकीसमोर मात्र रांगेवरून भांडणं लागायची. मी बत्तीस वर्षं बँकेत रोखपाल होते. जुन्या बोर्डिंग कार्डांच्या पाठीवर आकडे घालून मी टोकनं केली. पन्नाशीच्या पुढचे आणि लेकुरवाळ्या बाया आधी, असं ठरलं. भाषा कळो न कळो, टोकन सगळ्यांना कळतं. त्या खिडकीपाशी उभं राहण्याचे तीन-चार तास त्यामुळे वाचले.

दुसऱ्या रात्री अमरावतीकडचे एक आजोबा माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले. हातात रुमालात गुंडाळलेली कुपी. म्हणाले, 'ताई, हे औषध उद्या सकाळलोक पुरते. मंग काय करा लागते?' ते इन्सुलिन होतं. सुनेने जादा कुप्या नीट बांधून दिल्या होत्या, पण मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग विमानतळाच्या पोटात कुठेतरी होती. बॅगा घ्यायचा पट्टा पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे, आणि पलीकडे जायला व्हिसा नाही. खिडकीवर दोनदा विचारलं. सामान परत देता येणार नाही, असं दोन्ही वेळा उत्तर मिळालं. आजी काही बोलत नव्हत्या. त्या आजोबांच्या ताटातली पावाची चकती तेवढी काढून घेत होत्या.

विद्यार्थ्याला बरोबर घेऊन आम्ही ड्यूटीवरच्या माणसाला गाठलं आणि विमानतळावरच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाई आल्या. आजोबांजवळच्या चिठ्ठीवर आपल्याकडच्या कंपनीचं नाव होतं, ते त्यांना ओळखू येईना. पण कुपीवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि प्रमाण छापलेलं होतं. ते वाचून त्यांची मान हलली. मग त्यांनी सिरिंज पाहायला मागितली. मला वाटलं, सिरिंजेत काय पाहायचं? त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि सिरिंजही त्याच मापाची. अमेरिकेत आणि इतर बऱ्याच देशांत ते १०० युनिटचं असतं. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजेत त्याच खुणेपर्यंत भरलं, तर अडीचपट मात्रा पोटात जाते आणि साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाईंनी औषध दिलं, त्याच्या मापाची सिरिंज दिली आणि कागदावर मोठ्या आकड्यात किती घ्यायचं ते लिहिलं. जुन्या सिरिंजा त्यांनी आजींच्या समोर वेगळ्या बांधून ठेवायला लावल्या. पहिली सुई टोचून झाली तेव्हा कुठे आजी म्हणाल्या, 'आता मी निजतो जराशी.'

पुढे राखेचं किती प्रमाण इंजिनांना चालतं याची मर्यादा युरोपात ठरवली गेली आणि आकाश टप्प्याटप्प्याने उघडलं. २१ एप्रिलला आम्ही निघालो. मुंबईला उतरल्यावर आजोबांची ती बॅग पट्ट्यावरून आली. कुप्या जशाच्या तशा होत्या, पण पाच दिवस नीट थंडाव्यात नसलेलं ते इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, असं मी आजींना बजावलं.

या प्रकरणातली एक गोष्ट पुष्कळ प्रवाशांना ठाऊक नसते. युरोपीय संघाचा २००४ सालचा एक नियम फेब्रुवारी २००५पासून लागू झाला. त्यानुसार युरोपातल्या विमानतळावरून सुटणारं विमान रद्द झालं, तर जेवणखाण, रात्र काढावी लागल्यास राहण्याची सोय आणि दोन फोन ही जबाबदारी विमान कंपनीची, मग कंपनी कोणत्याही देशाची असो. ज्वालामुखी हे अस्मानी संकट, त्याला आम्ही काय करणार, असा युक्तिवाद २०१०नंतर झाला. जानेवारी २०१३मध्ये युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की अशा संकटात नुकसानभरपाई द्यावी लागत नसली, तरी प्रवाशांची देखभाल टळत नाही. म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात आणि नम्रपणे पण ठामपणे मागणी करावी.

आता आपल्याकडे नातवंडांना भेटायला परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांची संख्या मोठी आहे. त्यांच्या मुलांना माझं सांगणं आहे. बॅग भरताना लोणची-पापडाचं वजन जरूर करा, पण आधी हातातली पिशवी भरा. आठवड्याची औषधं तिच्यात हवीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत टाईप करून घ्या. इन्सुलिन असेल तर ते किती युनिटचं, हे त्यावर लिहा आणि त्याच मापाच्या सिरिंजा बरोबर द्या. एक कपड्यांचा जोड, चार्जर आणि घरचे फोन नंबर कागदावर लिहून द्या, कारण मोबाइलची बॅटरी संपली की नंबर कुणालाच आठवत नाहीत. दोन्ही विमानांचं तिकीट एकच आहे ना, तेही पाहा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण मग सामान वाटेत सोडवून घ्यावं लागू शकतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागतो. ट्रान्झिटचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दरवेळी ते नव्याने तपासा.

आणि आईवडिलांना एवढं आवर्जून सांगा, की अडचण आली तर संकोच न करता शेजारच्या माणसाला उठवा. अमरावतीच्या आजोबांनी त्या रात्री मला उठवलं नसतं, तर सकाळी आम्हाला कळूनही फार उशीर झाला असता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)