उंच उडीची सुरुवात
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



खेळ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे क्रिकेट उभे राहते आणि आईवडिलांच्या डोळ्यांपुढे त्याचा खर्च. म्हणून आज मी अशा खेळाविषयी बोलणार आहे, ज्याच्या सुरुवातीला दोन खांब, एक दोरी आणि भुसभुशीत वाळू एवढे पुरते. तो खेळ म्हणजे उंच उडी. मात्र वाळूवर कोणती उडी मारावी आणि कोणती मारू नये हे माहीत नसेल, तर हाच खेळ जिवावर बेतू शकतो.

टीव्हीवर आपण खेळाडूला पाठ खाली करून काठीवरून जाताना पाहतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने या पद्धतीने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवले आणि पुढे सर्व जगाने ती उचलली. परंतु या उडीत माणूस खांद्यावर आणि पाठीवर पडतो. ती शक्य झाली ती जाड, मऊ गादीमुळे. वाळूवर किंवा घरच्या पातळ गाद्यांवर कोणी ती करू गेला, तर मानेचे हाड मोडू शकते आणि जन्माचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून पहिला नियम हाच की, योग्य गादी आणि जाणता शिक्षक नसेल तर पाठीवरची उडी मुळीच मारायची नाही.

मग सुरुवात कशी करावी? कात्रीच्या उडीने. हिच्यात आपण पायांवर उतरतो. वाळूचा खड्डा हातभर खोल असावा; दररोज फावड्याने वाळू वरखाली करून खडे आणि काचा वेचून काढाव्यात. काठीऐवजी इलॅस्टिकची दोरी लावावी. ती घट्ट बांधू नये. पाय अडकताच ती सुटली पाहिजे.

त्यानंतर आपला उडीचा पाय ओळखावा. एका पायावर चार-पाच उड्या माराव्यात, मग दुसऱ्या पायावर; ज्या पायाने उसळी चांगली मिळते तो आपला. डावा पाय असेल तर उजव्या बाजूने तिरपे धावत यावे, उजवा असेल तर डाव्या बाजूने. सहा ते आठ पावलांची धाव पुरे. दोरीपासून दूरचा पाय जमिनीवर रोवायचा, जवळचा पाय सरळ वर झोकायचा आणि त्यामागून दुसरा पाय दोरीवरून काढायचा. दोरीपासून साधारण हातभर अंतरावरून उसळी घ्यावी. धाव जिथून सुरू केली तिथे खूण करावी आणि पावले मोजावीत, म्हणजे पाय दर वेळी एकाच जागी पडेल.

मी बँकेत काम करणारा माणूस. नोंदीवर माझा विश्वास आहे. एक वही करा. तारीख, उंची, कितव्या प्रयत्नात पार केली हे लिहा. स्पर्धेतही हेच मोजतात. उसळी एकाच पायावर घ्यावी लागते, लागोपाठ तीन प्रयत्न फसले की खेळाडू बाद होतो आणि बरोबरी झाली तर कोणाचे किती प्रयत्न फसले ते पाहतात. म्हणून सोपी उंची पहिल्याच प्रयत्नात पार करण्याची सवय लावावी.

या खेळाची आणखी एक गंमत आहे. काठी वर वर जाते, आणि बहुतेक वेळा विजेत्याचाही शेवटचा प्रयत्न फसलेलाच असतो. २.४५ मीटरचा विश्वविक्रम १९९३ साली करणारा क्यूबाचा हाविएर सोटोमायोर यानेही काठी असंख्य वेळा पाडली असेल. काठी पडली यात लाज कसली? ती उचलून पुन्हा ठेवायची.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवरगावचा सर्वेश कुशारे शेतकरी कुटुंबातला. गावच्या शाळेत त्याच्या शिक्षकांनी मक्याची टरफले भरून गादी बनवली आणि त्यावर त्याने सुरुवात केली. २०२४ साली तो पॅरिस ऑलिंपिकला गेला. २०२५ च्या टोकियो येथील जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून तो सहावा आला. त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय उंच उडीपटू. हे घडले ते मुलाच्या जिद्दीमुळे, पण तितकेच गादीची जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकांमुळे.

म्हणून सभासद बंधू-भगिनींना माझी नम्र विनंती आहे की, येत्या सुट्टीत श्रमदानाने वाळूचा एक खड्डा तयार करावा आणि खऱ्या गादीसाठी वर्गणीची सुरुवात करावी. मुलींनाही त्या खड्ड्यावर तितकीच जागा मिळावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, गादी येईपर्यंत धीर धरा. तोवर कात्रीची उडी पक्की करा. पाया तोच आहे.