थंडीची लाट सांगून येते

आज निफाडच्या थंडीबद्दल बोलू या.

डिसेंबर उजाडला की बातमी ठरलेली असते: राज्यातला नीचांक निफाडला. मग मुंबईकडचे पाहुणे विचारतात, अहो, थंड हवेचं ठिकाण तर महाबळेश्वर ना? ते उंचीलाही निफाडच्या दुपटीहून जास्त. मग पारा निफाडलाच कसा घसरतो?

त्याचं असं आहे, की थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराला लागते. महाबळेश्वर डोंगरमाथ्यावर, त्यामुळे तिथली थंड हवा दऱ्यांत उतरून जाते. निफाड मात्र गोदावरी-कादवेच्या सखल पट्ट्यात. तिथे ती रात्रभर साचत राहते आणि पहाटे, सूर्य उगवायच्या सुमारास, पारा सर्वात खाली जातो.

पण ही थंडी येते कुठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ निघतात. ते हिमालयात बर्फ पाडतात आणि पूर्वेकडे सरकतात. ते पुढे गेले की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे वाहू लागतात. ते राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेश-नाशिकपर्यंत पोचायला एक-दोन दिवस घेतात. म्हणजे आपल्याकडे लाट 'अचानक' आली असं आपण म्हणतो, पण ती आधी सांगून निघालेली असते. मुद्दा आपण ऐकतो का, एवढाच.

खुणा तीन. आभाळ ढगाळ होतं आणि एकदम निरभ्र झालं. दिवसभर उत्तरेचा कोरडा वारा होता. आणि संध्याकाळी तो पडला. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. ती निघाली की दिवसाची ऊब थेट आकाशात जाते. वारा असेल तर वरची उबदार हवा खाली मिसळते, तोही थांबला की संपलं. चांदणं स्वच्छ, पान हलत नाही, अशी रात्र दिसली की समजा, पहाट कडक जाणार.

आता एक गोष्ट नीट ऐका. बातमीत 5 अंश म्हणतात आणि शेतकरी सांगतो, माझ्याकडे दव गोठलं. दोघंही खरंच बोलतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत असतो. उघड्या जमिनीलगतचं गवत, पान त्याहून काही अंशांनी थंड होतं. त्यामुळे आपल्या बागेचा आकडा बातमीतून मिळत नाही. साधा तापमापक बागेच्या सर्वात सखल कोपऱ्यात टांगा. तिथला आकडा तुमचा.

निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, बातमीतला आकडा बहुधा तिथलाच. आणि गंमत बघा, हीच थंडी गव्हाला मानवते, फुटवे चांगले येतात. शेजारच्या द्राक्षबागेत मात्र जीव टांगणीला. ऑक्टोबर छाटणीचे घड ऐन भरात असतात. मण्यांची वाढ मंदावते, काही तडकतात. थॉमसनसारख्या पांढऱ्या द्राक्षात गुलाबी मणी दिसू लागतात. रात्र गार आणि दुपार तापलेली, ही तफावत त्याला कारण. असा माल निर्यातीत बाजूला पडतो. वर्षभराचा खर्च चार-दोन पहाटेंवर अवलंबून राहतो.

मग करायचं काय? पहाटे ठिबक चालवा. विहिरीचं पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते. मात्र मण्यात पाणी उतरलं असेल तर बेतानं, नाहीतर मणी तडकायला आपणच हातभार लावू. घडांना कागद वेळेत लावा. शेकोट्या करायच्या तर लहान आणि जास्त ठिकाणी करा. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते, बागेला मिळत नाही. आणि नुसता धूर म्हणजे ऊब नव्हे, हे लक्षात ठेवा.

हे सगळं पहाटे चारला उठून सुचत नाही. लाकूडफाटा, मोटार, वीज कधी येणार, रात्री बागेत कोण जाणार, हे आदल्या दिवशीच ठरवायला हवं. उत्तरेत बर्फ पडल्याची बातमी ऐकली की ती दूरची समजू नका. त्याच रात्री तयारीला लागा.