विस्तारत जाणाऱ्या विज्ञानकथेची एकसंधता

एखादी विज्ञानकथा दूरचित्रवाणीवरील एका मालिकेच्या रूपाने सुरू होते, तिच्यातून दुसरी आणि तिसरी मालिका निघते, चित्रपट येतात, कादंबऱ्यांचा आणि चित्रकथांचा ढीग साचतो, मूळ निर्माता निवर्ततो आणि कथेचे हक्क एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जातात. अशा पसाऱ्याला पन्नास-साठ वर्षांनंतरही एकच कथा म्हणता येते काय, आणि येत असल्यास ती कशाच्या बळावर एक राहते, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. अशा पसाऱ्यासाठी येथे ‘कथाविश्व’ हा शब्द वापरला आहे. अनेक लेखकांनी, अनेक माध्यमांतून, परंतु त्याच पात्रांच्या व त्याच काल्पनिक जगाच्या आधारे रचलेल्या कथांचा समूह, असा त्याचा अर्थ घ्यावा. प्रश्न परदेशी करमणुकीचा दिसत असला तरी तलवाडा गावच्या श्रोत्यांना तो परका वाटू नये, कारण गोदाकाठच्या गावांतील हरिनाम सप्ताहात कीर्तनकार महाभारतातील एखादेच आख्यान लावतो, ते कधी मूळ ग्रंथातले, कधी पांडवप्रतापातले, तर कधी केवळ लोकपरंपरेतले असते, आणि समोरचा श्रोता मात्र ते मनातल्या अखंड कथेत नेमक्या जागी बसवून घेतो.

या दृष्टीने १९६६ हे वर्ष लक्षणीय आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्या वर्षी पूर्ण झाली. चिकित्सक आवृत्ती म्हणजे उपलब्ध हस्तलिखिते ताडून, मागाहून शिरलेला म्हणजेच प्रक्षिप्त मजकूर बाजूला काढून, गाठता येईल तितका जुना पाठ सिद्ध करणे. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी १,२५९ हस्तलिखितांचा विचार करून हे काम तडीस नेले. या आवृत्तीत व्यासांचा लेखनिक झालेला गणपती परिशिष्टात गेला आणि वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने केलेला श्रीकृष्णाचा धावा तळटीपेत गेला. तथापि श्रोत्यांच्या महाभारतातून ना गणपती गेला, ना तो धावा गेला. संशोधकाचे प्रमाण आणि श्रद्धावान श्रोत्याचे प्रमाण ही दोन वेगळी माने आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी टिकू शकतात, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी लागेल.

त्याच वर्षी ८ सप्टेंबर रोजी अमेरिकेत जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. भारतात दूरदर्शनने ती १९८० च्या दशकात दाखवली. एंटरप्राइज या अंतराळयानावरील बहुवंशीय चमूच्या प्रवासाची ही कथा ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली, पण त्याआधी ती वाचवण्यासाठी प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा ओघ लावला होता, आणि त्याच प्रेक्षकांच्या निष्ठेमुळे १९७९ मध्ये चित्रपट व १९८७ मध्ये नवी मालिका निघू शकली. त्यानंतरच्या काळात तिच्या शाखा इतक्या फुटल्या की विसंगती अटळ झाल्या. त्यांतील क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांचे उदाहरण फार बोलके आहे. १९६७ मध्ये ते प्रथम दिसले तेव्हा त्यांची कपाळे माणसांसारखीच सपाट होती, कारण रंगभूषेसाठी पैसा अपुरा होता. १९७९ च्या चित्रपटात पैसा आला आणि त्यांच्या कपाळांवर हाडांचे उंचवटे आले. प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे हा फरक चर्चिला. १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या एका भागात नवे क्लिंगॉन पात्र जुन्या काळात जाऊन पोहोचते आणि सोबत्यांनी या फरकाविषयी विचारताच, परक्यांशी आपण त्याची चर्चा करत नाही, असे सांगून विषय मिटवते. २००५ मध्ये मात्र एका रोगजंतूची कथा रचून त्याचे रीतसर कारण देण्यात आले, आणि २०१७ च्या ‘डिस्कव्हरी’ या मालिकेने क्लिंगॉनांचे रूप पुन्हा पालटले. या सर्व खटाटोपात १९९६ चे उत्तर अधिक समंजस म्हणावे लागेल, कारण त्याने विसंगती मान्य केली, ती लपवली नाही आणि तिच्यापायी कथेला वेठीस धरले नाही.

कपाळांच्या बाबतीत इतका उदार राहिलेला प्रेक्षक दुसऱ्या एका बाबतीत कठोर राहिला. स्टार ट्रेकच्या जगात ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ नावाचा मूळ दंडक आहे. कमी विकसित संस्कृतीच्या स्वाभाविक वाटचालीत बलवानाने हस्तक्षेप करू नये, असे तो सांगतो. नायक हा दंडक अनेकदा मोडतात, पण मोडताना त्यांना त्याचा जाब द्यावा लागतो, आणि त्या जाबातूनच कथेला नैतिक वजन येते. डीप स्पेस नाइनमध्ये युद्ध, कपट आणि गुप्त कारवाया आल्या तेव्हा रॉडनबेरींच्या आशावादाला तडा गेला असे अनेकांना वाटले. तरी ती मालिका आज या कथाविश्वाचा सन्माननीय भाग मानली जाते, याचे कारण तिने जुन्या मूल्याला टाकून न देता त्याची कसोटी घेतली. २००९ च्या चित्रपटाने कालप्रवासामुळे इतिहासाची दुसरी शाखा फुटल्याचे दाखवून व्हल्कन हा अख्खा ग्रह नष्ट केला, आणि तरीही मूळ मालिकेतील जुना स्पॉक त्याच चित्रपटात वावरत असल्यामुळे जुनी कथा रद्द झाली नाही. यावरून असे म्हणता येते की कथाविश्वाची एकसंधता तारखा, याने आणि कपाळे यांच्या मेळावर कमी, आणि पात्रांच्या स्वभावधर्मावर व त्या जगाने स्वतःशी बांधून घेतलेल्या व्रतावर अधिक अवलंबून असते.

‘स्टार वॉर्स’चा अनुभव याला उलट बाजूने पुष्टी देतो. १९७७ पासूनच्या चित्रपटांभोवती कादंबऱ्यांचे मोठे जाळे विणले गेले होते, त्यात १९९१ ते १९९३ या काळातील टिमथी झान यांच्या तीन कादंबऱ्या विशेष वाचकप्रिय होत्या. २०१२ मध्ये डिस्नेने हक्क विकत घेतल्यावर २०१४ मध्ये हे सारे साहित्य ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा, या कप्प्यात टाकण्यात आले आणि प्रमाणकथा कोणती हे मालकाने ठरवले. हा निर्णय वरवर चिकित्सक आवृत्तीसारखा दिसतो, पण सुकथनकर पुराव्याला बांधलेले होते आणि कंपनी पुढील चित्रपटांच्या सोयीला बांधलेली होती, हा भेद मूलगामी आहे. झान यांचा सेनापती थ्रॉन २०१६ मध्ये अधिकृत कथेत परत आणावा लागला, यातच वाचकांच्या प्रमाणाचे बळ दिसते. २०१७ च्या चित्रपटातील मूळ चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर याच्या एकाकी आणि हताश रूपावरून चाहत्यांत जी दुफळी माजली, तीही स्वभावधर्माचीच होती. घटनाक्रमात तेथे फारशी चूक नव्हती. म्हणून स्टार ट्रेक आजही एक कथा आहे, तर स्टार वॉर्स ही एकाच नावाखाली नांदणाऱ्या दोन-तीन कथांची जोडणी झाली आहे, असा निर्वाळा द्यावा लागतो. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेने मात्र १९६६ मध्येच नायकाचे शरीर बदलण्याची सोय कथेत करून ठेवली आणि बदल हाच नियम ठरवला.

मराठीत असे कथाविश्व का उभे राहिले नाही, याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. मराठी विज्ञान परिषदेची स्थापनाही १९६६ चीच. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांची विज्ञानकथा मुख्यतः स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक यांच्या आश्रयाने वाढली, आणि दिवाळी अंकाची कथा त्याच अंकात संपावी लागते, कारण पुढचा अंक वर्षाने येतो आणि तोच वाचक तोच अंक पुन्हा घेईल याची शाश्वती नसते. ‘प्रेषित’, ‘व्हायरस’ आणि ‘वामन परत न आला’ या नारळीकरांच्या कादंबऱ्याही परस्परांपासून स्वतंत्र आहेत. प्रत्येक कथेने नवे जग उभारायचे आणि तेथेच मिटवायचे, ही शिस्त कथेला धार देते, परंतु वाचकाला त्या जगात मुक्काम करू देत नाही.

मुक्काम करू देणारे एक जग मराठीत आहे, ते फास्टर फेणेचे. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांनी निर्मिलेला हा फुरसुंगीचा बनेश फेणे काटेकोर अर्थाने विज्ञानकथेचा नायक नव्हे, तरी कथाविश्व टिकण्याची अट तो चोख पाळतो. पुस्तकामागून पुस्तके निघाली आणि भोवतालचे जग पालटले तरी तो किरकोळ, चपळ शाळकरी मुलगाच राहिला, आणि त्याच्या वयाचा हिशेब कोणी मागितला नाही. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. शाळा सुटली, सायकलीचे बालपण सुटले, परंतु अन्याय दिसताच स्वतःचे काम बाजूला ठेवून त्यामागे लागण्याची वृत्ती सुटली नाही, म्हणून जुन्या वाचकालाही तो ओळखता आला. शिवाय या मालिकेतील कोणतेही पुस्तक आधी वाचले तरी चालते. ज्या गावात मालिकेतील तिसरे आणि सातवेच पुस्तक हाती लागते, तेथील वाचकासाठी ही सोय फार मोलाची आहे. क्रमाने पाहिल्यावाचून कळत नाही असे कथाविश्व शहरी, सधन आणि सवडीच्या प्रेक्षकापुरतेच उरते.

या विवेचनातून मराठी लेखकांकडे एक आणि वाचनालयांकडे एक मागणी करणे योग्य ठरेल. लेखकांनी पुढील विज्ञानकथा लिहिताना मागील कथेतील एखादे पात्र, एखादे गाव, एखादा नियम पुढे न्यावा, मराठवाड्याच्या पाण्याचा आणि गोदावरीच्या खोऱ्याचा शंभर वर्षांनंतरचा काळ अनेकांनी मिळून लिहावा, आणि तपशिलातील चुकांना भिऊन थांबू नये. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी मालिकेतील सुटी पुस्तके घेण्याऐवजी संपूर्ण संच घ्यावेत, हरवलेला भाग पुन्हा मागवावा, आणि ते संच मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर ठेवावेत.