पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर : चालणे लवकर, उचलणे उशिरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी टाके आणि दुखणी यांचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु आपल्या गावात असे घर क्वचितच सापडेल, की जिथल्या एखाद्या बाईच्या पोटावर शस्त्रक्रियेची खूण नाही. कोणाचे बाळंतपण पोट उघडून झालेले असते, कोणाची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते, कोणाचे अपेंडिक्स तर कोणाची गर्भपिशवी काढलेली असते. डॉक्टर आपले काम तास-दोन तासांत पुरे करतात. पुढचा दीड-दोन महिन्यांचा काळ मात्र घरच्यांच्या हाती असतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

हा घोटाळा दोन तऱ्हांचा. पहिले आठ दिवस सासूबाई म्हणतात, "सूनबाई, हलू नकोस, टाके तुटतील." आणि टाके निघाले की त्याच घरात म्हणतात, "आता बरी झालीस, घे हंडा." खरे पाहता याच्या उलट व्हायला हवे. चालणे लवकर सुरू करावे आणि उचलणे उशिरा. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकी सारा त्याचाच विस्तार आहे.

हलू न देण्याची रीत आपल्याच घरांतली आहे असे नाही. पूर्वी मोठमोठ्या इस्पितळांतही रोग्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवीत. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचे अपेंडिक्स दुखावले आणि 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. 5 फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली, तरी ते मार्चपर्यंत इस्पितळातच होते. पुढे विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकाठी जाऊन राहिले. आज तीच शस्त्रक्रिया झालेला माणूस बहुधा चार-पाच दिवसांत, दुर्बिणीतून झाली असेल तर त्याआधीही, घरी येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून डॉक्टरांच्या ध्यानात येत गेले, की लवकर उठवलेला रोगी लवकर सुधारतो.

याचे कारण सोपे आहे. निजून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त साकळते, त्याची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली तर जिवावर बेतते. खोल श्वास घेतला नाही तर छातीत कफ साठतो. आतडीही सुस्तावतात आणि पोट फुगते. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच रोग्याला आधार देऊन उभे करतात.

घरी आल्यावर काय करावे ते क्रमाने सांगते. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्यावा. पडल्यापडल्या पावले वर-खाली हलवावीत. खोकला आला तर उशी पोटाशी धरून मग खोकावे, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. उठताना एकदम सरळ उठून बसू नये. आधी गुडघे दुमडावेत, कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा चालावे. दुसऱ्या आठवड्यात अंगणात यावे. पुढे रोज थोडे थोडे वाढवीत जावे. महिनाभरात घोडेश्वरी देवीच्या देवळापर्यंत जाऊन यायला हरकत नाही. वाटेत दम लागला तर बसावे, दुखले तर परतावे. नवस मात्र साष्टांग नमस्काराचा नको!

पोट आत ओढण्याचा आणि लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळण्याचा हलका व्यायाम असतो. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर आणि बाळंतिणीला तो फार उपयोगी पडतो. केव्हा सुरू करायचा ते डॉक्टरीणबाईंना विचारावे. सूर्यनमस्कार, पोट दाबणारी आसने, खूप वेळ उकिडवे बसून कांदे निवडणे किंवा धुणे धुणे हे सहा आठवडे तरी बंद.

आता उचलण्याचे. वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते आणि सगळ्यांना वाटते, झाले, जखम भरली. पण पोटाला आतून पेलून धरणारा जो चिवट थर असतो, त्याला ताकद यायला महिने लागतात. सहा आठवड्यांनीही तो पहिल्याइतका बळकट झालेला नसतो. त्यावर अवेळी भार पडला की तो उसवतो आणि आतडे बाहेर डोकावू लागते. यालाच हर्निया म्हणतात, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया.

म्हणून पहिले सहा आठवडे साधारण चार-पाच किलोंहून जड काही उचलू नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरांचा हंडा भांड्याच्या वजनाशिवाय पंधरा किलोंचा होतो. भरलेला गॅसचा सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो आणि कांद्याची गोणी पन्नास किलोंच्या. दोन वर्षांचे मूलही दहा-अकरा किलोंचे असते. त्याला खाली वाकून कडेवर घेण्याऐवजी आईने बसावे आणि मूल तिच्याजवळ द्यावे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असेल तर हा काळ कमी असू शकतो, पण ते डॉक्टरांनी सांगायचे, शेजारणीने नव्हे.

हे सांगताना मला ऊसतोडीच्या बायका आठवतात. आपल्या तालुक्यातच सोनईला मुळा कारखाना आहे. गळिताच्या दिवसांत त्यांच्या खोप्या आपण दरवर्षी पाहतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील अशा बायकांची पाहणी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने केली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहा जणींत एक. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एक दिवस बुडला तरी खाडा मांडतात. अशा बाईने सहा आठवडे विश्रांती कोठून आणावी? ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. विश्रांतीला आपण लाड समजतो. तो औषधाचाच भाग आहे, आणि जिला तो मिळत नाही तिचे औषध अर्धे राहिले असे समजावे. गर्भपिशवी काढायला कोणी सांगितली, तर निकड नसल्यास आधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा, हेही जाताजाता सांगते.

आता आहार. डॉक्टरांनी तोंडाने घ्यायला परवानगी दिली की प्रथम घोट-घोट पाणी, मग भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक. ते पचले की मुगाची मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. एका वेळी ताटभर नको. थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे. वाटाणा, हरभरा, कोबी, तळण, झणझणीत कालवण हे पोट फुगवणारे पदार्थ सुरुवातीला टाळावेत. आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पथ्य डॉक्टर देतील तेच खरे.

आपल्याकडे एक समजूत अशी, की भात, दूध, दही, लिंबू खाल्ल्याने जखमेत पू होतो. भगिनींनो, पू होतो तो जंतूंनी. अस्वच्छ हाताने, मळक्या पट्टीने, जखमेवर हळद किंवा राख भरल्याने. ज्या दुधा-डाळींनी जखम भरायची तीच बंद केल्यावर ती भरणार कशी? पन्नास किलो वजनाच्या बाईला या दिवसांत रोज साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधातही जवळजवळ तेवढीच, आणि मूठभर कच्च्या डाळीत सात ग्रॅम असतात. ज्वारीच्या भाकरीतूनही थोडी मिळतात. म्हणजे दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दोन पेले दूध, दही-ताक, शेंगदाण्याची चटणी आणि चालत असेल तर अंडे किंवा मासळी, एवढे पोटात गेलेच पाहिजे. त्याच्या जोडीला पेरू, आवळा, लिंबू आणि पालेभाजी. पोट साफ राहावे म्हणून भरपूर पाणी, भिजवलेल्या मनुका, पपई. शौचाला कुंथण्याचा ताणही टाक्यांवरच येतो. घरातल्या सगळ्यांची जेवणे उरकल्यावर तळाशी राहिलेले पातळ वरण तिच्या वाट्याला येत असेल, तर हा हिशेब कधीच जमायचा नाही. तिचे ताट आधी वाढा.

काही खुणा मात्र घरी बसून पाहत राहू नयेत. ताप येणे, जखम लाल होऊन वाहू लागणे, उलट्या होऊन पोट फुगणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, फार रक्तस्राव होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब न लावता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी मंडळाला एक विनंती. हळदीकुंकवाची आपण पाळी लावतो, भिशीची लावतो. तशीच गल्लीतल्या ज्या बाईची शस्त्रक्रिया झाली असेल तिच्या घरी सहा आठवडे पाण्याची पाळी लावावी. आज एकीने दोन हंडे भरावेत, उद्या दुसरीने. यांतली एखादी ऊसतोडीच्या खोपीतली असली तरी ती आपलीच समजावी. बेचाळीस दिवस म्हणजे फार नाहीत. सात जणी पुढे आल्या तर एकेकीच्या वाट्याला सहाच दिवस येतात. आजच्या सभेतच ही यादी सुरू व्हावी अशी माझी इच्छा आहे.